चपलांपाशी

मंडळी, हॉटेलच्या फोनला मॉडेम जोडून हे लिहितेय. आज आई आणि मी न्यू ऑर्लिन्सचा जुना फ्रेंच भाग पायी पाहिला. गाइड घेतला नव्हता. नकाशावरच्या आकड्यांप्रमाणे मीच क्रमाने नेत होते.

ही ट्रिप खरं तर आई-बाबांसाठी ठरवली होती. बाबा मार्चमध्ये गेले. आई एकटीच अमेरिकेला आली.

लोखंडी नक्षीच्या गॅलऱ्या, जुनं कॉन्व्हेंट, सगळ्याला आई नुसतं "छान आहे" म्हणत होती. कॅथीड्रलच्या दारात मात्र थांबली आणि तिने चपला काढल्या.

"आई, इथे काढत नाहीत. लोक बघतायत."

"बघू देत. देवाच्या दारात आलेय. पण चपला कोण सांभाळणार?"

आमच्या घरी हे काम बाबांचं. ते देव मानत नसत. कुठल्याही देवळात आई आत आणि बाबा बाहेर, चपलांपाशी.

"तू जाऊन ये, मी बसते," म्हटलं आणि समोरच्या बाकावर चपला घेऊन बसले. आतल्या रंगीत काचा पाहायच्या राहिल्या.

आई बाहेर आली तेव्हा उन्हाने तिचे डोळे दिपले होते. पदर सारखा करत, बाकाकडे न बघताच म्हणाली, "अहो, चला."

मग ती तिथेच उभी राहिली. मी चपला तिच्या पायांपाशी सरळ मांडल्या. पुढची ठिकाणं आम्ही पाहिली नाहीत.

तुमच्यापैकी कुणाच्या आईच्या तोंडून अशी हाक गेली असेल, तर त्या वेळी काय बोलायचं ते कळवा.