काम चालू, रस्ता बंद

कासूजवळ हायवेची नवी बाजू तयार होऊन पडली होती. तिच्या तोंडाशी पिंपं मांडून पाटी लावली होती: काम चालू, रस्ता बंद. दोन्ही गोष्टी खोट्या. काम कधीच बंद पडलं होतं, आणि रस्ता चालू होता, निदान मला तरी.

सायकल शिकायचं ठरवलं तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. मुलीला शाळेतून मिळालेली सायकल तिच्या लग्नानंतर पडवीत गंजत होती. पेणच्या बाजूला दोन गावं सोडून माझी आई एकटी राहायची, गुडघे गेलेली. तिच्याकडे जायचं तर एसटीचा नेम नाही; उरली नवऱ्याची मोटारसायकल, आणि नवरा रोह्याच्या कंपनीत. फर्स्ट शिफ्ट असली की दमलेला, नाइट असली की झोपलेला, सुट्टी असली की क्रिकेट बघणारा. महिन्यातून एकदा मेहेरबानी व्हायची. सायकलचं काढलं तेव्हा तो हसला.

"पडशील नि माझी रजा फुकट जाईल," म्हणाला. बायकोच्या हाडांपेक्षा रजा महत्त्वाची.

मग शिकवायला कोण? माझी मीच शिकले, त्या बंद रस्त्यावर. डिव्हायडरवर पाय ठेवून सीटवर बसायचं आणि त्यालाच रेटा देऊन निघायचं. उतरायचं तेही डिव्हायडर गाठून. जाताना उजवा पाय, येताना डावा.

काय ते सुख. एवढा रुंद रस्ता आणि त्यावर मी एकटी, पदर खोचून. सिमेंटच्या जोडांवरून चाक गेलं की टक् टक् आवाज यायचा. त्या तालावर मी बेसूर गायचे. वाटेत असायचं ते वाळत घातलेलं भात आणि दोन म्हशी. म्हशी घंटी वाजवली की बाजूला व्हायच्या.

डिव्हायडरच्या पलीकडे जुन्या बाजूला मात्र खड्डे आणि कोंडी. मुंबईहून आलेल्या मोठमोठ्या गाड्या काचा लावून हॉर्न वाजवत बसलेल्या. हॉर्नने खड्डे बुजतात अशी त्यांची समजूत असावी. एकदा त्या गर्दीत नवराही दिसला, धुळीने पांढरा झालेला. मी मुद्दाम घंटी वाजवली. त्याने ओळख दाखवली नाही. मला फार बरं वाटलं.

दिवसाआड मी आईकडे जायचे. ती घंटी ऐकूनच चहाचं आधण ठेवायची आणि आतून विचारायची, "आलीस गो?"

दोन पावसाळे असे गेले. मग एक दिवस मंडप पडला, पांढऱ्या कपड्यातले साहेब आले, फीत कापली. भाषणात म्हणाले, हा रस्ता तुमच्यासाठी आहे. आम्ही सगळ्या बिनडोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सायकल घेऊन गेले. पाटी नव्हती, पिंपं नव्हती. डिव्हायडर होता, पण त्याला लागून ट्रक सुसाट जात होते. सायकलने डाव्या कडेने जायचं असतं, आणि त्या कडेला पाय टेकायला काहीच नव्हतं. दोनदा चढायला गेले, दोनदा तोल गेला. तिसऱ्यांदा जेमतेम बसले तोच मागून हॉर्न आला आणि मी सायकलीसकट मातीत. नवऱ्याला, गाडीवाल्यांना इतकी हसले, आणि मला सायकल येत होती ती फक्त बंद रस्त्यावर.

सायकल पुन्हा पडवीत गेली. एसटी आता नव्या रस्त्याने वाऱ्यासारखी जाते आणि आमच्या फाट्यावर थांबत नाही. नवरा म्हणतो, रस्ता इतका चांगला झालाय, दहा मिनिटांत जाऊन येऊ. हे तो गेला महिनाभर म्हणतोय.

काल आईचा फोन आला. रस्ता झाल्याचं तिला शेजारणीने सांगितलं होतं.

"चांगला झाला म्हनतात गो," ती म्हणाली. "मंग आता येत का नाय?"