चौथा हिस्सा

सातवीनंतर शाळा सुटली याचा राग विमलाबाईंना पंचावन्नाव्या वर्षीही येतो. मला राग येतो तो शिकलेल्यांचा, आणि त्यांत मीही आले. मी उपकेंद्राची सिस्टर, त्या आमच्या गावच्या आशा सेविका. आंधळगावच्या आसपास आमची सहा गावं, आणि सहाही गावांत सिकलसेल या रक्ताच्या आजाराची कार्डं वाटत फिरणं हे आमचं दोघींचं काम.

तालुक्याच्या ट्रेनिंगमध्ये डॉक्टरांनी पडद्यावर चौकोन आणि इंग्रजी अक्षरं दाखवली. तीस जणींनी माना डोलावल्या, चहा घेतला आणि घरी गेल्या. विमलाबाईंना काही समजलं नव्हतं, पण त्या गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी डॉक्टरांना दारात गाठून सगळं पुन्हा वदवून घेतलं, आणि घरी येऊन दोन वाट्या काढल्या.

एक वाटी आईची, एक बापाची. तांदळाचा दाणा म्हणजे चांगला गुण, लाखोरी या कडधान्याचा दाणा म्हणजे सिकलसेल. आई-बाप दोघेही वाहक असले, म्हणजे दोघांचीही कार्डं पिवळी असली, तर दोघांजवळही निम्मं चांगलं, निम्मं वाईट. चार लेकरं धरून त्या प्रत्येक वाटीत दोन तांदूळ, दोन लाखोरी टाकायच्या. मग दोन्ही वाट्यांतून एकेक दाणा उचलून सुपात चार जोड्या लावायच्या. एका जोडीत दोन्ही तांदूळ: लेकरू निरोगी. दोन जोड्यांत एक-एक: तीही आई-बापासारखी वाहक, त्रास काही नाही. चौथीत दोन्ही लाखोरी: ते आजारी, त्याला लाल कार्ड.

"मायनं एक देल्ला, बापानं एक देल्ला," त्या सांगायच्या. "चौथा हिस्सा बिमारीचा. एकट्या बाईवर कायले खापर फोडता?"

मी त्या सुपाचा फोटो काढून तालुक्याच्या ग्रुपवर टाकला. पटापट अंगठे आले. बारावी सायन्स करून नर्सिंग केलेल्या मला त्यातली चूक दिसली नाही. अंगठे देणाऱ्यांनाही नाही.

या सुपानं आमच्याच गावातल्या रश्मीचं घर वाचवलं, हेही खरं. तिची थोरली, दामिनी, लाल कार्डाची. थंडी पडली की पोरीचे हातपाय असे दुखायचे की शेजारपाजार जागा व्हायचा. सासू लीलाबाई ऊठसूट म्हणायची, "हे तिच्या माहेरचं हाय, आमच्या खानदानीत असं कोनी नाई." रश्मीला माहेरी धाडायची भाषा सुरू झाली होती. विमलाबाईंनी अंगणात सूप मांडलं, रश्मीच्या नवऱ्याला, संघपालला, तपासणीसाठी रक्त द्यायला लावलं. त्याचंही कार्ड पिवळं निघालं. लीलाबाईचं तोंड बंद झालं. त्या दिवशी विमलाबाई रस्त्यानं अशा चालल्या होत्या की जणू सरपंच निवडून आल्या.

गेल्या वर्षी रश्मीला पुन्हा दिवस गेले. तिसरा महिना लागायच्या आत विमलाबाई पोचल्या: नागपूरला चला, पोटातल्या बाळाची तपासणी होते, आधी कळलेलं बरं.

संघपाल हसला. "कायले जाचं, काकू? आमचा बिमारीचा हिस्सा त येऊन गेला न. दामिनीवर गेला. आता तीन बाकी हायेत, तिन्ही बरे."

"असं नसते रे बाप्पा! हर बारीले तेवढाच धोका हाय."

"तुमीच त दाखवलं. लाखोरीची जोडी एकडाव उचलली का मंग वाटीत रायते काय?"

त्याचं तरी काय चुकलं? या गावात बापाकडून जे येतं ते वाटणीनं येतं. चार भाऊ, धानाच्या चार बांध्या; खडकाळ बांधी एकाच्या वाट्याला गेली की बाकीचे सुटले. आम्ही त्याला पोटच्या पोरांचीही तशीच वाटणी दाखवली होती. दाणा उचलल्यावर वाटीत परत टाकायचा असतो, प्रत्येक लेकरासाठी वाट्या पुन्हा तेवढ्याच भरलेल्या असतात, हे विमलाबाईंनी कधी दाखवलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. या वेळी मी स्वतः दाणे उचलले, दाखवले, परत टाकले, पुन्हा उचलले. दुसऱ्याच खेपेला लाखोरीची जोडी आली, आणि पाचव्या खेपेला परत तीच.

"पाहा," मी म्हटलं.

"आता काहून परत टाकून राहिल्या?" संघपाल म्हणाला. "तवा त नोयत्या टाकत. आमाले नागपूरले पाठवाचं हाय म्हनून हिशेब बदलवला काय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आवाज चढवला, आणि तिथंच हरले. विमलाबाईंनी मला हातानं थांबवलं. "संघपाल, माह्यं चुकलं होतं. तवाचं मी चुकीचं दाखवलं."

लीलाबाई याचीच वाट पाहत असावी. "चुकीचं होतं न? मंग पोरीची बिमारी माह्या पोराकडूनही आली, थेही चुकीचंच असन!"

रश्मी खाली मान घालून तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. विमलाबाई ओरडून सांगत राहिल्या की ते खरं आहे, फक्त हिस्स्याचं चुकलं. पण एक खोटं निघालं की दुसरं खरं कोण मानतं? नागपूरला कोणी गेलं नाही. पुढचे सहा महिने रश्मीनं पुन्हा माहेरचा उद्धार ऐकला, आणि विमलाबाई त्या गल्लीतून जायचं टाळू लागल्या.

मुलगा झाला. सहा महिन्यांचा झाल्यावर त्याचं रक्त तपासलं: वाहक. पिवळं कार्ड. आजारी नाही.

संघपाल पेढ्याचा डबा घेऊन सगळ्या घरासकट उपकेंद्रात आला. "काकू, तुमचं पयलंच बरोबर होतं. मी सांगतच होतो न?" मागून लीलाबाई म्हणाली, "अजून दोन बाकी हायेत." गावात ही गोष्ट एका दिवसात पसरली. आता पिवळ्या कार्डांची दुसरी जोडपीही आम्हाला हिस्से मोजून दाखवतात.

ते गेल्यावर विमलाबाई पेढा हातात धरून बसून राहिल्या. "सिस्टर, लेकरू बरं निंगालं, मले लय आनंद झाला. मंग मले माह्या आनंदाचाच राग आला."

मीही बाळ बरं असल्याचं ऐकून हुश्श केलं होतं.

तेवढ्यात रश्मी बाळाला घेऊन एकटीच परत आली. बाळाची टोपी विसरली म्हणाली, पण टोपी बाळाच्या डोक्यावरच होती. तिनं दार लोटलं.

"काकू, तुमी तवा चुकल्या आन् नंतर बरोबर सांगितलं, थे मले समजलं. हर बारीले वाटी भरलेलीच रायते." तिनं माझ्याकडे पाहिलं. "सिस्टर, मले तांबी बसवून द्या. घरी सांगू नोका."

विमलाबाई रडायला लागल्या. मी हातमोजे शोधायला उठले. अख्ख्या गावात एका माणसाला समजलं, आणि त्याच माणसाला ते घरात बोलायची सोय नाही.