शेठच्या मुलाचा वेग

माझ्या कमरेला पट्टा बांधून झाल्यावर शेठनं गाठ दोनदा ओढून पाहिली. मग पट्ट्याचं दुसरं टोक आपल्या मुलाच्या हातात दिलं. उधन्याचा रस्ता, सकाळची वेळ. पाळीला निघालेली आमचीच माणसं हातात डबे घेऊन बघत उभी होती. मुलगा म्हणाला, "चाल, बळद." बळद म्हणजे बैल. माणसं हसली. मीही हसलो. ते माझं हसू आठवलं की अजून तोंड कडू होतं.

सत्तर सालाच्या मागेपुढची गोष्ट. आम्ही धुळ्याकडचे. वडील शेठच्या कापडाच्या शेडमध्ये लूम, म्हणजे माग, चालवायचे. ते गेले आणि मी शेडमध्ये लागलो. राहायची खोलीही शेठच्याच चाळीत. मी लूमवाल्यांना सुताच्या कांड्या पोचवायचो. कांडी वेळेवर पोचली नाही की लूम थांबायचा आणि आईवरून शिवी बसायची. त्या शिवीच्या भीतीनं मी दिवसभर पळत असायचो. माझ्या पायांतला वेग हा असा आला.

शेठचा मुलगा कॉलेजात होता. शहरात स्टेशनपासून चौकापर्यंत रस्त्यावरची शर्यत व्हायची. अंतर थोडं, पण पहिल्या पावलापासून जीव तोडून पळावं लागायचं. मुलाला ती जिंकायची होती. त्यानं कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं की, आपल्यापेक्षा चपळ माणसानं पुढून ओढलं की आपले पाय भराभर पडायला शिकतात. चपळ माणूस म्हणून शेठला मी आठवलो. आणि दोरीऐवजी लूम फिरवायचा जुना जाड पट्टा.

मला आनंद झाला होता. का खोटं बोलू? शेठच्या मुलाबरोबर पळायचं, वर पाळीचा पहिला तास माफ. हुरळली मेंढी, लागली लांडग्यामागे. रोज सकाळी भेस्तानच्या दिशेनं पळायचं. मी पुढं, तो मागं. चढावर तो पाय टाकायचाच नाही, सगळा भार माझ्यावर सोडायचा. पट्टा पोटात रुतायचा. तरी मला वाटायचं, हे लोक आपली मेहनत बघताहेत. शर्यतीत आपलंही नाव घालतील.

एकदा खडीवरून त्याचा पाय घसरला आणि तो गुडघ्यावर पडला. शेठ मागून गाडीनं येत होता. त्यानं उतरून सरळ माझ्या कानफटात मारली. पडला होता मुलगा, मारलं मला. तेवढ्यात मनात आलं, मारून याचा राग निघून गेलाय, मागायचं ते आत्ताच मागून बघू. म्हणून मी शर्यतीत माझंही नाव घालायला सांगितलं. मुलगा गुडघा पुसत होता, तो हसला. शेठ हसला नाही. माणूस पगाराचा नियम समजावतो तितक्या शांतपणे तो म्हणाला, "तारुं काम खेंचवानुं छे, जीतवानुं नहीं."

ओढायचं काम माझं. जिंकायचं नाही.

थप्पड विसरलो असतो. हे विसरता येईना. लूमच्या आवाजात माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही, पण हे वाक्य ऐकू यायचं. तरीही मी रोज कमर पुढं करत होतो. काम जाईल, खोली जाईल, आई रस्त्यावर येईल. भूक माणसाला फार समजूतदार करते.

मग पोळा आला. खानदेश सुटला तरी पोळा आमच्या चाळीतून सुटला नव्हता. कुणाच्या दारात खरा बैल नव्हता, म्हणून बाया मातीचे बैल करायच्या, त्यांना खापरावरच्या पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायच्या. त्या सकाळी मी नळावर आंघोळीला बसलो होतो. आई पाठीवर पाणी ओतत होती. तिचा हात थांबला. कमरेभोवती कातडं सोलून निघालं होतं, कुठं काळं पडलं होतं, कुठं ओलं होतं. तिला मी एवढंच सांगितलं होतं की, शेठचा मुलगा मला पळायला नेतो. ती चाळीत हे मिरवायची.

"हाई काय शे?" तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. ती रडली नाही. तिनं तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "आज ते बैललेबी कोनी जुपत नही, भाऊ."

आज बैलालाही कुणी जुंपत नाही. लाज वाटली. शेठची नाही, माझी. मातीच्या बैलाला आज सुट्टी होती आणि मी कपडे घालून जुंपून घ्यायला निघालो होतो.

रस्त्यावर मुलगा पट्टा घेऊन उभाच होता. मी कमर पुढं केली नाही. म्हणालो, "पट्टो नहीं बांधुं, भाई. दोडवुं होय तो बाजुमां दोडो." पळायचं तर शेजारून पळा. त्याला आधी कळलंच नाही. बैल बोलतो हे त्याच्या पुस्तकात नसावं. शेठनं गाडीतूनच सांगितलं की दुपारपर्यंत खोली रिकामी कर.

आम्ही केली. पुरणपोळ्या फडक्यात बांधून आईनं डोक्यावर गाठोडं घेतलं आणि भेस्तानला तिच्या भावाच्या खोलीत आधीच आठ जण होते, तिथं आम्ही आणखी दोघं झालो. मी दुसऱ्या शेडमध्ये लागलो. तिथंही शिव्या होत्याच. पण सकाळी मी एकटा पळायचो.

शर्यतीच्या दिवशी नाव द्यायला गेलो तेव्हा टेबलावरच्या माणसानं मान वर न करता विचारलं, कुठल्या शेठचा माणूस? मी म्हणालो, "कोईनो नहीं." त्यानं मान वर केली. मी तिथून हललो नाही. शेवटी त्यानं नाव लिहून घेतलं.

कितवा आलो ते मी कुणाला सांगत नाही. जिंकलो म्हणालो तर म्हणतील, शेठनंच तयार केला. हरलो म्हणालो तर म्हणतील, उगाच पोटावर पाय आणला. दोन्ही त्यांचेच हिशेब. माझा एकच आहे. ज्याला पुढं जायचं असेल त्यानं आपल्या पायांनी जावं. मी कुणाला ओढणार नाही.