वॉल्टरसाहेबांची लोकशाही आणि आमचं बिनविरोध

नोकरी संपली की खुर्ची परत करावी लागते, जीप जाते, शिपाई नमस्कार करायचा थांबतो. किस्से मात्र कुणी परत मागत नाही. ते आपल्याबरोबर घरी येतात आणि जागा अडवून बसतात. आमच्या पंचायत समितीतले आम्ही जुने चौघे कुठे लग्नात-बिग्नात भेटलो की तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी म्हणतंच, “ते वॉल्टरसाहेबांचं सांगा!” मी सांगतो. सगळे हसतात. मला आता हसू येत नाही, पण सांगायचं थांबतही नाही.

एकाहत्तर साल. नगर जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या एका तालुक्यात मी ग्रामपंचायतींचा विस्तार अधिकारी होतो. एके दिवशी बीडीओसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. समोर सहा फुटी गोरा माणूस, अंगात खादीचा झब्बा, पायाशी दोन लोखंडी पेट्या.

“हे वॉल्टरसाहेब. जगभर लोकशाही रुजली पाहिजे, असं यांच्या सरकारचं परराष्ट्र धोरण आहे. काही महिने आपल्याकडे रुजवतील. तुम्ही इंग्रजी घेऊन बी.ए. आहात ना? मग दुभाषी तुम्हीच.”

तोवर आम्ही चार-पाच लोकसभा निवडून दिल्या होत्या. हे त्यांना सांगावं असं मला फार वाटलं. बीडीओसाहेबांनी डोळ्यांनीच गप्प केलं, आणि मी एका पेटीची कडी धरली.

*

पेटीत प्रोजेक्टर होता. पुणतांब्याच्या अलीकडे नदीकाठी एक गाव आहे, तिथं सोसायटीच्या गोदामात भरदुपारी दारं लावून पहिला खेळ केला. आत खताचा वास आणि दीडशे माणसं. वॉल्टरसाहेबांच्या देशातली निवडणूक पडद्यावर सुरू झाली. भाषणं झाली, मतदान झालं, निकाल लागला. मग हरलेला उमेदवार जिंकलेल्याच्या घरी गेला आणि हसत हसत त्याचा हात हातात घेतला.

गोदामात एकदम गलका! सरपंच दगडूपाटील उठून उभे राहिले.

“ओ ड्रायव्हर, रीळ पुढं-मागं झालंय तुमचं! हे निकालाच्या आधीचं असंल. निकालानंतर कुठं हात मिळवत्यात?”

प्रोजेक्टरही चालवणारे आमचे जीपचे ड्रायव्हर बाबूभाई बिचारे खरंच रीळ तपासायला लागले.

*

मग गुप्त मतदानाचा धडा. खोटी निवडणूक. एका चिठ्ठीवर आंबा, एकीवर केळं. पडद्यामागे जायचं, हवी ती चिठ्ठी पेटीत टाकायची आणि कुणाला सांगायचं नाही. मी तीनदा समजावलं.

पहिलेच म्हातारबाबा पडद्याबाहेर आले आणि चौकाला ऐकू जाईल असं ओरडले, “आंबा!”

वॉल्टरसाहेब घाबरून ओठांवर बोट ठेवायला लागले. मी म्हणालो, “बाबा, गुप्त ठेवायचं असतं.”

“का म्हणून? चोरी केली का काय म्या?”

त्यानंतरच्या प्रत्येकानं बाहेर येऊन आपलं फळ सांगितलं. न सांगावं तर लोकांना संशय आला असता!

*

आता मुख्य भानगड. वॉल्टरसाहेबांना खरीखुरी निवडणूक बघायची होती. त्याच गावच्या ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती, म्हणून आम्ही पत्र धाडलं की मतदानाच्या दिवशी परदेशी पाहुणे निरीक्षणाला येत आहेत.

गावानं पत्र वाचलं आणि मारुतीच्या पारावर बैठक बसली. पाहुण्यांसमोर आपसात भांडायचं? छे! आठवडाभरात दोन्ही पार्ट्यांनी जागा वाटून घेतल्या. पाहुण्याच्या मानासाठी निवडणूक बिनविरोध! असलं आमच्याकडेच होऊ जाणे.

एकच अर्ज आडवा आला. तो कौसाबाईंचा. कौसाबाई गावापासून मैलभर लांब मळ्यातल्या वस्तीवर राहायच्या. वस्तीला प्यायच्या पाण्याची विहीर नव्हती. कालव्याच्या पाटाला पाणी सुटलं तर पाटावर, नाहीतर पार नदीपर्यंत चालायचं. ग्रामपंचायतीत आपण बसलो तर विहीर होईल, एवढाच हिशेब करून बाईंनी अर्ज भरला होता.

अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी बीडीओसाहेबांनी मला पाठवलं. मी गेलो. ओट्यावर बसलो, पाणी प्यायलो. त्यांच्या घरात दीडच घागर शिल्लक होती, ते मी पाहिलं.

“कौसाबाई, परदेशी साहेब येणारेत. तालुक्याचं नाक राहू द्या.”

“आन् इहिरीचं?”

“एकदा बिनविरोध होऊ द्या. पहिल्याच बैठकीत पहिला ठराव विहिरीचा. माझा शब्द.”

हा शब्द द्यायला मला कुणी सांगितलं नव्हतं. द्यायचा मला अधिकारही नव्हता. बाईंनी अर्ज मागे घेण्याच्या कागदावर अंगठा उठवला.

*

मतदानाच्या दिवशी वॉल्टरसाहेब कॅमेरा, वही, पेन घेऊन हजर. शाळेत ना पेटी, ना रांग. नुसता गुलाल, हलगी आणि हार!

त्यांनी मला विचारलं, “हरलं कोण?”

“कुणीच नाही.”

“मग जिंकलं कोण?”

“सगळेच.”

ते वहीत पुष्कळ वेळ काहीतरी लिहीत राहिले. परत येताना कपाळाचा गुलाल पुसत त्यांनी जीपमध्ये विचारलं, “हे इतकं कसं जमतं तुम्हाला?” मी म्हणालो, “परंपरा आहे.” बाबूभाईंना इंग्रजी येत नव्हतं, तरी त्यांनी आरशातून माझ्याकडे असं पाहिलं की मी बाहेरचा ऊस बघायला लागलो.

*

त्याच सुमारास शेजारच्या देशात निवडणूक होऊनही लष्करानं जिंकलेल्या माणसाला तुरुंगात टाकलं होतं. रोज रेडिओवर निर्वासितांच्या बातम्या. आणि त्या लष्करशहाच्या पाठीशी वॉल्टरसाहेबांचंच सरकार उभं!

कोपरगावच्या स्टँडवर एका हॉटेलात आम्ही चहाला थांबलो. मालकानं बातम्या संपल्यावर रेडिओ बारीक केला, दोन कप आमच्या पुढ्यात ठेवले आणि अगदी गरिबीनं विचारलं, “साहेब, तिकडं तुमचं रीळ धाडलं न्हाई का?”

हे मात्र मी शब्दाला शब्द सांगितलं. वॉल्टरसाहेबांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, “मी फक्त प्रोजेक्टर आणतो. बाकीचं ते मला विचारून करत नाहीत.”

मला त्या दिवशी त्यांची दया आली. मीही कुणाच्या तरी सांगण्यावरूनच वस्तीवर गेलो होतो ना! त्यांचा चहा तसाच राहिला.

*

पावसाळा सरता सरता त्यांना परत बोलावणं आलं. कार्यक्रम बंद. निरोपाचा समारंभ त्याच गावात ठेवला, कारण नव्या ग्रामपंचायतीनं पहिल्याच बैठकीत पहिला ठराव केला होता. वॉल्टरसाहेबांच्या भेटीची आठवण म्हणून गावच्या वेशीत दगडी कमान! कमानीवर अक्षरं कोरली होती, ‘लोकशाही प्रवेशद्वार’. विहिरीचा विषय बैठकीत निघालाच नाही. काढणार कोण?

भाषणं झाली. वॉल्टरसाहेबांनी कमानीखाली उभं राहून आभार मानले आणि शेवटी म्हणाले, “लोकशाहीत प्रश्न विचारणं सगळ्यात महत्त्वाचं. कुणाला काही विचारायचंय?” मी तसंच्या तसं मराठीत सांगितलं. लोक टाळ्या वाजवायच्या तयारीत होते.

मागून कौसाबाई पुढं आल्या. काखेत रिकामी घागर.

“भाऊसाहेब, त्यांना इचारा. तुमच्या देशात परका साहेब बघाया येनार म्हून बाईला अर्ज मागं घ्याया लावत्यात का? आन् लावत असतील, तर तिच्या इहिरीचं पुढं काय करत्यात?”

दगडूपाटील कमानीकडे बघायला लागले. बीडीओसाहेब माझ्याकडे. वॉल्टरसाहेबही माझ्याकडेच, वही उघडून.

मी इंग्रजीत म्हणालो, “बाई विचारतात, तुमच्या देशात विहिरी असतात का?”

वॉल्टरसाहेबांचा चेहरा उजळला. ते थेट कौसाबाईंकडे वळून बोलले. मी भाषांतर केलं, “साहेब म्हणतात, तिकडे विहिरी आता फारशा नाहीत. घरोघरी नळ आहेत.”

टाळ्या पडल्या. कौसाबाईंनी टाळ्या संपू दिल्या. घागर या काखेतून त्या काखेत घेतली.

“म्या नळाचं इचारलंच न्हवतं. म्हंजी भाऊसाहेब, माझा सवाल बी तुमी बिनविरोध करून टाकला!”

आणि त्या कमानीखालून नदीकडे चालू लागल्या.

वॉल्टरसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि मला विचारलं, “आता काय म्हणाल्या त्या?”