पुरं आलं का?

तळहात पुढं करून "पुरं आलं का?" असं कुणी विचारलं, की आमच्या मंचरच्या ऑफिसातली माणसं अजून चपापतात. तुम्ही "ताई, चहा सांगितलाय, पण..." म्हणून श्वास घ्यायला थांबलात, की आलाच ताईंचा तो हात. समोरच्याचं बोलणं संपल्याची खात्री होईपर्यंत ही बाई उत्तर द्यायची नाही. आधी मला वाटायचं, काय खडूस आहे राव!

लोणी गावची, मेंढपाळाची लेक. आमच्याकडं ती सी भाषेत प्रोग्रॅम लिहायची. काम बिबट्याचं. उसाच्या कडेनं खांबांवर कॅमेरे होते. बिबट्या दिसला की खांब आपला नंबर ऑफिसच्या कॉम्प्युटरला कळवायचा आणि आम्ही त्या खांबावरचा भोंगा वाजवायचो. भोंगा वाजेल त्याच्या उलट्या दिशेनं पळायचं, हे पारगावकडच्या त्या शिवारात लहानथोरांना पाठ होतं.

"भाऊ, सॉकेटवर, म्हंजे दोन कॉम्प्युटरमधल्या लाईनीवर, निरोप एकदम येतो असं कुणी सांगितलं तुमाला?" ती मला म्हणायची. "तुकड्यातुकड्यानं येतो. रिसीव्ह केलं की आला तेवढाच हातात पडतो. पूर्णविराम दिसंस्तवर वाचत ऱ्हायचं. आमचे दादा शेवटचं कोकरू आत आल्याबिगर वाघरीचं तोंड बांधत न्हाईत, तसं."

वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी आणि दादा म्हणजे तिचे वडील.

"आणि रिसीव्हला शून्य मिळालं तर?"

"मग समोरचा उठून गेला. वाट बघायची न्हाई. आपल्या बाजूनंबी लाईन बंद करायची."

घरून निघताना ती स्वतःच्या लॅपटॉपवरून ऑफिसला एक निरोप धाडायची, "निघाले." पुढं पूर्णविराम असायचाच. म्हणायला ती प्रोग्रॅमची तपासणी. तो निरोप आला की आम्ही चहा टाकायचो.

एकदा दिवस मावळतीला स्क्रीनवर उमटलं, "बिबट्या खांब १". पुढं काही नाही.

एक नंबरचा खांब रस्त्याकडचा. त्याच दिवशी त्याच्या पायथ्याशी दादांची मेंढरं बसली होती. दादांचा फोन नेहमीसारखा घरी चार्जिंगला.

"दाबा बटण!" साहेब ओरडले. माझं बोट बटणावर गेलंसुद्धा. तिनं माझं मनगट धरलं.

"पुरं आलं न्हाई."

"अहो, तुमचे वडील आहेत तिथं!"

"म्हाईत हाय."

"मग सगळेच भोंगे वाजवा!" साहेब म्हणाले.

"सगळे वाजल्यावर पळतील कुठं?"

खरंच खांब एक असेल, तर आम्ही तिच्या बापाला मरू देत होतो. हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी तिची पकड सुटली नाही. ती ओठातल्या ओठात म्हणत होती, "ये की रं, ये की."

मग स्क्रीनवर आलं, "४." पूर्णविरामासकट.

चौदा. म्हणजे दुसरं टोक, कालव्याकडचं! एकचा भोंगा वाजवला असता, तर दादा कळप घेऊन थेट बिबट्याच्या तोंडात गेले असते. तिनं स्वतः चौदाचं बटण दाबलं आणि खुर्चीत बसून हमसाहमशी रडली. थोड्या वेळानं कुणाच्या तरी फोनवरून दादा बोलले, "पोरी, समदी रस्त्यावर हाईत. कोकरूबी आलं." तेव्हा कुठं तिनं पाणी घेतलं.

त्यानंतरच्या थंडीत साधा ताप म्हणून ती रजेवर गेली आणि आठवड्यात सगळं संपलं. इतकी चिडचिड झाली माझी. अशी अर्धवट निघून जाणारी बाई नव्हती ती.

दादा तिचं सामान न्यायला आले. कप, शाल, टेबलाखालच्या चपला मी पिशवीत भरून दिल्या. दारातून ते मागं वळले. त्यांचाही तळहात तसाच पुढं आला.

"पोरीचं समदं आलं न्हवं? हितं काय ऱ्हायलं न्हाई ना?"

"नाही दादा," मी म्हटलं. "सगळं आलं."

तिच्या लॅपटॉपची लाईन तेवढी राहिली आहे. तिच्यावर आता शून्यच मिळतं. बंद करायला हवी, नियम तिचाच. साहेबही आठवण करून देतात. मी म्हणतो, करतो, करतो. माझ्यानं होत नाही.