वहीत दोनदा लिहिलेलं ‘आले’

इरा आणि निषाद,

डिसेंबरात तुम्ही मेलबर्नहून सायकली खोक्यांत घालून येणार आणि आबांचा पेण ते रोहा हा डोंगरातला मार्ग करणार, हे कळल्यापासून आबा खुशीत आहेत. परवा फोनवर इरा, तू विचारलंस, “आजी, आबांच्या मार्गात शेवटचा उतार का नाही? नकाशावर तर छान कच्चा रस्ता दिसतोय. खिंडीच्या अलीकडूनच हायवेला का उतरायचं?”

मी म्हटलं, रस्ता खराब आहे. ते खोटं होतं. रस्ता आता चांगला आहे. आणि तू माझी नात आहेस, म्हणजे तू स्वतः जाऊन बघणार. म्हणून हे आत्ताच लिहिते आहे, तुम्ही विमानात बसायच्या आधी.

पेणच्या शाळेत मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या मुलांना मी “पुरावा काय?” असं विचारून खाली बसवत असे. अमावास्येला नारळ फोडला नाही, की कधी कुणाची दृष्ट काढली नाही. आजही माझा कशावर विश्वास बसलाय असं नाही... जे झालं ते फक्त क्रमाने सांगते.

आबा कंपनीतून निवृत्त झाले आणि त्यांनी ती जाड टायरची, खाली वळलेल्या हँडलची सायकल घेतली. दर रविवारी जंगलातला एखादा कच्चा रस्ता शोधायचा. मी गाडी घेऊन हायवेने गडब, नागोठणे करत दुसऱ्या टोकाला थांबायची — थर्मास, केळी, प्रथमोपचाराची पेटी आणि माझी वही. वहीत एका बाजूला ‘आत गेले’, दुसऱ्या बाजूला ‘आले’, आणि पुढे वेळ. जंगलात रेंज नसते. वेळ लिहिलेली असली की कधी काळजी करायची ते कळतं, एवढाच हेतू.

आबांनी मला सायकलवाल्यांच्या हाताच्या खुणा शिकवल्या होत्या. पंजा वर धरला की थांबा. हात खाली करून बोट जमिनीकडे हलवलं की त्या बाजूला खड्डा. सवय इतकी, की बाजारात चालतानासुद्धा शेण दिसलं की बोट खाली! मी म्हणायची, “अहो, लोक बघतायत.”

तो दसऱ्यानंतरचा पहिला रविवार. पाऊस थांबून दहा-बारा दिवस झाले होते. आबा नागोठण्याच्या बाजूने जंगलात शिरले, मी लिहिलं — आत गेले, ८.५०. मग वळसा घालून रोह्याच्या बाजूला, जिथे तो लाल मातीचा रस्ता डोंगरातून उतरून डांबरी रस्त्याला मिळतो, तिथे जाऊन थांबले. कोपऱ्यावर जनाबाई नावाच्या बाई टोपलीत काकड्या आणि उकडलेले कारांद्याचे कंद घेऊन बसायच्या. आमची ओळख झाली होती.

“आज पन म्हाताऱ्याला डोंगरात सोडलास काय गो बाय?”

“सोडत नाही हो, ते स्वतःच जातात.”

“माजा असता तर मी न्यायलाच आली नसती,” असं म्हणून त्या खूप हसल्या.

तेवढ्यात उतारावरून सायकल आली. पिवळं हेल्मेट, निळा शर्ट. आबाच. मी थर्मासचं झाकण उघडलं. पण ते थांबले नाहीत. माझ्यापासून चार हातांवरून गेले. त्यांची डावी बाजू खांद्यापासून गुडघ्यापर्यंत लाल चिखलाने माखलेली होती, आणि चिखलातून पाणी गळत होतं. चेहरा सरळ समोर. माझ्याकडे बघितलं नाही. फक्त डावा हात खाली केला, बोट जमिनीकडे दोनदा हलवलं, आणि वळणाआड गेले. चाकांचा आवाज आल्याचं मला आठवत नाही.

“गेला गो तुजा म्हातारा! थांबला पन नाय! भांडलीस काय?”

मी घड्याळ बघून वहीत लिहिलं — आले, ९.४०. मग रागच आला. पडले असतील, लागलं असेल, आणि मला कळू नये म्हणून पुढे निघाले. गाडी काढून त्यांच्या मागे गेले. वळणापुढे तो रस्ता शेतांमधून सरळ जातो, एक झाड आड नाही. दोन किलोमीटर गेले. कुणी नाही. पुढच्या चहाच्या टपरीवर विचारलं. सायकल गेलीच नव्हती.

परत येऊन जनाबाईंजवळ थांबले, तोच फोन वाजला. आबा.

“सुनंदा, खिंडीत आहे. टायरमध्ये काटा गेला होता. केव्हाचा खटपट करतोय, आता हवा भरून झाली की निघतो. इथे उंचावर जरा रेंज मिळाली. तुम्ही काळजी करत बसल्या असाल, हेडमास्तरीणबाई!”

“अहो... तुम्ही आत्ता माझ्यासमोरून गेलात.”

“काय? ऐकू येत नाहीये. येतोच, पटकन उतरतो...” आणि फोन कटला. परत लावला, लागला नाही.

ऊन लख्ख होतं. जनाबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर आता हसू नव्हतं.

“मग आत्ता गेला तो कोन?”

मला एकच गोष्ट आठवली. बोट. डावीकडे, खाली.

मी त्या रस्त्याने वर चालायला लागले. माझे गुडघे तुम्हांला माहीत आहेत. तरी मी चालले नाही, पळाले. जनाबाई टोपली तशीच टाकून मागून आल्या. अर्धा किलोमीटर वर, वळणानंतर लगेच, ओढ्यावरची मोरी, म्हणजे छोटा पूल, लागली. वरून सगळं ठीक दिसत होतं, कडेने कमरेएवढं गवत. जनाबाईंनी हातातल्या काठीने गवत बाजूला केलं. पावसात खालची माती वाहून जाऊन उतरताना डावीकडे येणारा अर्धा भाग कोसळला होता. खाली दोन पुरुष खोल, मोठमोठे दगड आणि लाल पाणी.

वरून खडीचा आवाज आला. आबा. उशीर भरून काढायला जोरात उतरत होते.

मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि पंजा वर धरला. जनाबाई ओरडल्या, “थांब रे थांब!” मागचं चाक घसरलं, धूळ उडाली, आणि ते मोरीच्या पलीकडे आठ-दहा पावलांवर थांबले. शर्ट स्वच्छ. एक डाग नाही.

“ट्रॅफिक हवालदार कधीपासून झालीस?” म्हणाले. मग त्यांना ते भगदाड दिसलं, आणि ते सायकलवरून खाली उतरून कडेला बसले.

मी खाली बघत होते. मोरीच्या वरच्या बाजूच्या धुळीत फक्त आबांच्या आत्ताच्या चाकांचा ठसा होता. पण खालच्या बाजूला एक ठसा आधीपासून होता — ओला, त्याच टायरच्या नक्षीचा. तो त्या कोसळलेल्या कडेपासून सुरू होत होता आणि खाली डांबरी रस्त्याकडे गेला होता.

जनाबाईंनीही तो पाहिला. माझा दंड धरला. “बाय, ह्याला घरी ने. मागं बघू नको. आन् परत हितं आणू नको.”

खाली येऊन मी लिहिलं — आले, १०.३५. गाडीत आबांनी वही मागितली. दोन्ही ओळी वाचल्या. आबा प्रत्येक गोष्टीचं कारण देतात, तुम्ही ऐकलंय. त्या दिवशी वही मिटून एवढंच म्हणाले, “काटा गेला नसता, तर मी बरोबर नऊ चाळीसला खाली असतो.”

मोरी पुढच्या वर्षी नवीन झाली. तरी आबांनी तो उतार आपल्या मार्गाच्या फाईलमधून स्वतः काढून टाकला. मी कधी सांगितलं नव्हतं. जनाबाई नंतर त्या कोपऱ्यावर बसल्या नाहीत. आता गावातच बसतात.

एक गोष्ट मी आबांनाही सांगितलेली नाही. पहिले कित्येक महिने, ते दुपारी झोपले की मी त्यांचा डावा हात उचलून बघत असे. काय शोधत होते, मलाच माहीत नाही. एकजण आत गेला होता आणि वहीप्रमाणे दोनजण बाहेर आले. मी त्यातल्या एकाला घरी आणलं. दुसरा त्या रस्त्याने पुढे कुठे गेला, हे मला माहीत नाही, आणि तो अजून तिथे असेल तर तुमच्यापैकी कुणाचा चेहरा घेऊन येईल, हा विचार मला करवत नाही. म्हणून खिंडीच्या अलीकडूनच वळा. कारण विचारू नका, माझ्याकडे नाही.

वही माझ्या कपाटात आहे, दोन्ही ओळी माझ्याच अक्षरात. सायकल आहे. आबा आहेत — आत्ता ओट्यावर बसून तिच्या चेनला तेल घालतायत.

— आजी