न्यागुथीच्या टोपलीतली हिरवी फळं

कॉफी खुडावी तर न्यागुथीनंच. किरिन्यागा डोंगराच्या आमच्या उतारावर तिच्या टोपलीत पिकल्या लाल फळाखेरीज दुसरं काही सापडायचं नाही. आम्हाला आमच्या टोपल्या कारखान्याच्या ओट्यावर ओतून निवडाव्या लागत. तिची तशीच वजनाला जाई. तिला त्याचा ताठा होता, आणि मला तो खुपायचा.

टीबी तिच्यावर दुसऱ्यांदा उलटला, तेव्हा रोज डोळ्यांदेखत गोळ्या गिळवायचं काम दवाखान्यानं माझ्यावर सोपवलं. मी शिस्तीची कडक. सकाळी पेजेचा वाडगा तिच्या हातात द्यायचा आणि गोळ्या घशाखाली उतरेपर्यंत जागचं हलायचं नाही.

पाचव्या महिन्यात ती म्हणाली, "वाकिनी, झाडावरची सगळी फळं एकाच रंगाची दिसतात गं."

"आधी गिळ. सबबी नंतर सांग."

पुढच्या आठवड्यात तिची टोपली बघून कारखान्यातल्या माणसानं ती ओट्यावर ओतायला लावली. निम्मी फळं हिरवीगार. "काबुराची आई, कुणाच्या बागेत डल्ला मारलास?" एकीनं तिची थट्टा केली. कुणी हसलं नाही. न्यागुथी फळं बोटांनी चाचपत राहिली. त्यात काय चुकलंय, हे तिला दिसतच नव्हतं.

मग तिची नजर बदलली. बोलायची माझ्याशी आणि बघायची माझ्या खांद्यापलीकडे. भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना, माझ्या मागे कुणीतरी उभं असल्यासारखी. मी दोनदा वळून पाहिलं. हिला मेलेली माणसं दिसतात, असं म्हणत बायका तिच्यासमोर बसेनाशा झाल्या. मलाही भीती वाटायची, खोटं कशाला बोलू.

शेवटी मी विचारलंच, "कुणाकडे बघतेस?"

"तुझ्याकडेच. सरळ बघितलं की तुला तोंडच नसतं. केस असतात, खांदे असतात, मधे काही नाही. माझ्या लेकीला, काबुरालाही नसतं. बाजूला बघितलं की जरासं दिसतं."



दुसऱ्या दिवशी मी तिला मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. प्रत्येक पानावर ठिपक्यांत एक आकडा होता. न्यागुथीला एकही दिसेना. तिच्या गोळ्यांतलं एथाम्बुटॉल नावाचं औषध डोळ्यांमागच्या नसेला बाधलं होतं. तिची मूत्रपिंडं मंद, म्हणून ते अंगात साचत गेलं. बाईंनी तेवढं बंद केलं. नजर थोडीफार परतेल, कदाचित नाहीही, म्हणाल्या. रंग जायला लागले तेव्हाच आला असता, तर नजर बरीच वाचली असती.

"आजी, तुम्ही तेव्हा कुणाला काही बोलला नाहीत?" बाईंनी तिला विचारलं.

मी फरशीकडे बघत होते.

"नाही," न्यागुथी म्हणाली. "कुणालाच नाही."

मी तोंड उघडलं नाही. त्याची लाज अजून वाटते.

परतीच्या गाडीत तिनं चाचपून माझा हात धरला. बाकीच्या गोळ्या अजून चार महिने घ्यायच्या होत्या.

"उद्याही तूच ये हं," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या हातून घ्यायची आता भीती वाटते."